अठ्ठ्याहत्तर दिवस

“म्हणजे मी आजारी नाही का, मॅडम?”

तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. २०१६ च्या ऑगस्टचा शेवट, बाहेर धो धो पाऊस, आत ओल्या छत्र्यांचा वास. तिच्या मागे रांगेत उभा असलेला माणूस तिच्याकडे बघून दोन पावलं मागे सरकला होता. कावीळ ओळखायला तिथे डॉक्टरची गरज नव्हती. तरी डॉक्टरचा कागदही तिच्या हातात होता. नाव, नंबर, निदान, कोणत्या तारखेपासून कामावर जाता येणार नाही, सही, शिक्का, सगळं त्यावर होतं. मी तिचा दहा आकडी विमा नंबर कॉम्प्युटरवर टाकला, समोर आलेला आकडा वाचला आणि म्हटलं, “आजारी आहात हो. पण तुमचे अठ्ठ्याहत्तर भरत नाहीत. चव्वेचाळीसच दिसतायत.”

“पण मी दिवाळीपासून कामावर आहे.”

“इथे चव्वेचाळीस आहेत,” मी म्हटलं आणि पुढच्याचा कागद घ्यायला हात पुढे केला.

तो पुढे केलेला हात मला अजून आठवतो.

मी कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या मुंबई उपनगरातल्या एका शाखेत एकतीस वर्षं काढली. आधी क्लार्क, मग हेडक्लार्क, शेवटी मॅनेजर. लोक या सगळ्याला नुसतं ‘ईएसआय’ म्हणतात, आणि ईएसआय म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर दवाखाना येतो. शाखा कार्यालय नावाची वेगळी जागा असते हे कामगाराला पहिल्यांदा कळतं ते तो अंथरुणाला खिळल्यावर. दवाखान्यात औषध मिळतं. आमच्याकडे मिळायची ती बुडालेल्या पगाराची भरपाई. पूर्वी रोखपाल खिडकीत बसून नोटा मोजून द्यायचा, नंतर पैसे थेट बँकेत जायला लागले. पण हक्क आहे की नाही हे ठरवण्याचं काम आमच्या टेबलावरच राहिलं.

हे ठरवतात कसं, असं मला निवृत्तीनंतर अनेकांनी विचारलं. बहुतेकांना वाटतं की अधिकारी माणसाकडे बघतो, कागद वाचतो, खरा आजारी की खोटा हे ओळखतो आणि सही करतो. तसं फार थोड्या वेळा होतं.

१९४८ च्या कायद्यात आजारपणाची व्याख्या एका वाक्यात दिली आहे. ज्या अवस्थेत वैद्यकीय उपचारांची गरज आहे आणि वैद्यकीय कारणामुळे कामापासून दूर राहणं भाग आहे, ती अवस्था म्हणजे आजारपण. नोकरीला लागल्यावर मी हे वाक्य पाठ केलं होतं. त्यातल्या ‘आणि’चं वजन कळायला मात्र बरीच वर्षं गेली. साखर आहे, रोज गोळी लागते, पण मशीनवर उभं राहता येतं, असा माणूस या व्याख्येत बसत नाही. सासू अंथरुणावर आहे म्हणून सून आठ दिवस घरी राहिली, तर तीही बसत नाही, कारण उपचार तिच्यावर चाललेले नसतात. रात्रपाळीने झोप उडालेला, वजन उतरलेला, पण डॉक्टरने नुसतं टॉनिक देऊन कामावर परत पाठवलेला माणूस बसत नाही. उपचार हवेत आणि काम थांबायला हवं, दोन्ही एकदम, आणि दोन्ही डॉक्टरच्या एका सहीत यायला हवं. कामगार त्याला ‘सिक लावणं’ म्हणतात. सिक लागली, की आजाराचा प्रश्न सहसा तिथेच मिटतो. आमच्या टेबलावर येतो तो दुसराच प्रश्न.

तो असा, की या माणसाचे किती दिवस भरले आहेत?

वर्षाचे दोन भाग केलेले आहेत. ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत वर्गणी, म्हणजे पगारातून कापलेला विम्याचा हप्ता, भरलेले दिवस पुढच्या जुलै ते डिसेंबरमधल्या आजाराला चालतात. एप्रिल ते सप्टेंबरचे दिवस पुढच्या जानेवारी ते जूनला. त्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा असावी लागते. सहा महिन्यांचे २६ आठवडे, त्यातले निम्मे १३, आठवड्याचे कामाचे दिवस सहा; तेरा सक अठ्ठ्याहत्तर. ७८ असतील तर सरासरी रोजाच्या ७० टक्के भत्ता मिळतो, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. ७७ असतील तर काहीच नाही. नव्याने लागलेल्याला तर पहिल्या नऊ महिन्यांत हा भत्ता मिळतच नाही, औषधोपचार तेवढे पहिल्या दिवसापासून.

कागदी तक्त्यांच्या काळात मधल्या तीन महिन्यांच्या अंतराला अर्थ होता. कारखान्यांकडून गठ्ठेच्या गठ्ठे यायचे, ते आम्ही एकेका माणसाच्या नावावर चढवायचो, दराचं कोष्टक बघून आकडा काढायचो. पण खिडकीबाहेर तापाने थरथरणाऱ्या माणसाला हे कसं सांगणार? एप्रिलपासून रोज कामावर येताय ते दिवस जानेवारीत उपयोगी पडतील, आजचा आजार बघायचा तर गेल्या हिवाळ्यात तुम्ही कुठे होतात ते बघावं लागेल. मी हे हजारो वेळा सांगितलं असेल. ऐकून घेणारे मान डोलवायचे. समजलं म्हणून नाही, थकले होते म्हणून.

सक्तीचा आजारपणाचा विमा ही कल्पना जर्मनीत १८८३ मध्ये कायद्यात आली. आपल्याकडे दुसरं महायुद्ध चालू असताना प्रा. बी. पी. आडारकरांना कारखान्यातल्या कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितलं गेलं, आणि १९४४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी अहवाल दिला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. पुढे १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूरमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते योजना सुरू झाली. आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने तो कायदा आपल्यात घेतला आहे, कलमांचे आकडे बदलले आहेत. मी सांगतेय ते माझ्या नोकरीच्या काळातलं.

या इतिहासातली एक गोष्ट आमच्या प्रत्येक टेबलावर कोरून ठेवायला हवी होती असं मला वाटतं. हा पैसा सरकारी मदत नाही. तो कामगाराने आधी भरलेला असतो. मी होते तोवर बहुतेक काळ त्याच्या पगारातून पावणेदोन टक्के कापले जायचे आणि मालक पावणेपाच टक्के भरायचा. जुलै २०१९ पासून कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन. महिन्याच्या महिन्याला, ताप असो नसो, हे कापलं जातं. तो माणूस खिडकीशी येतो तेव्हा स्वतःचंच ठेवलेलं मागायला येतो. पण तो येतो कसा? चपला दाराबाहेर काढून. मी कितीतरी लोकांना सांगायची, अहो चपला घालून या, देऊळ नाही हे. तरी काढायचे.

आजाराच्या यादीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण रेघ कशी ओढली जाते ते तिथे उघडं दिसतं. ९१ दिवसांत बरे न होणारे आजार असतात. त्यांच्यासाठी ३४ आजारांची एक यादी आहे. त्यात नाव असेल तर भत्ता रोजाच्या ८० टक्के होतो आणि दोन वर्षांपर्यंत चालू राहू शकतो. त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि आधीच्या चार वर्गणी-काळांत मिळून १५६ दिवस लागतात. क्षयरोग यादीत आहे, कुष्ठरोग आहे, कर्करोग आहे. मधुमेह नुसता नाही. त्याने पाय सडला, मूत्रपिंड बिघडलं किंवा डोळ्याचा पडदा गेला की मग आहे. मोतीबिंदूसुद्धा कच्चा हवा आणि नजर ६/६० किंवा त्याहून कमी. हृदयविकाराचा झटका येऊन गेला तरी हृदयाचं पंपिंग ४५ टक्क्यांच्या खाली असावं लागतं. कंबरदुखी नाही. मणक्याची चकती सरकलेली असेल तर आहे.

हे शेवटचं मी एका प्रेस ऑपरेटरच्या फाइलवर शिकले. पन्नाशीला आलेला, बोलायला कमी. पत्र्याच्या चादरी उचलून प्रेसखाली सरकवायचं काम त्याने वीस वर्षं केलं होतं. त्याच्या सर्टिफिकेटवर एकच शब्द असायचा, ‘लंबॅगो’, म्हणजे कंबरदुखी. आमच्या टेबलावर हा शब्द आला की भुवया वर जायच्या. ताप मोजता येतो, कावीळ रक्तात दिसते, हाड मोडलं तर एक्स-रेवर दिसतं. कंबर दुखते हे त्या माणसाच्या तोंडून ऐकूनच मानावं लागतं. सर्टिफिकेटं सलग लागत गेली तेव्हा आम्ही त्याला मेडिकल रेफरीकडे पाठवलं. रेफरी म्हणजे महामंडळाचा डॉक्टर, ज्याने आधीच्या डॉक्टरचं मत तपासायचं असतं. तिथे जाणं टाळलं तर भत्ता अडकतो. याने टाळलं नाही. वाका म्हटल्यावर वाकला. नंतर त्याने मला सांगितलं की सकाळी दोन गोळ्या खाऊन गेलो होतो, डॉक्टरसमोर पडलो बिडलो तर बरं दिसणार नाही म्हणून. दुखणं लपवून तपासणीला गेला होता तो. रेफरीने त्याला कामासाठी फिट ठरवलं.

तो कामावर गेला, चार दिवसांत परत सिक लागली. पुन्हा चकरा, पुन्हा लंबॅगो. मोठ्या रुग्णालयात एमआरआयची तारीख मिळेपर्यंत त्याचे ९१ दिवस संपले. मग सहा आठवडे घरात एक रुपया आला नाही. एमआरआय झाला, चकती सरकलेली निघाली, कागदावर लंबॅगोच्या जागी दुसरं नाव आलं. आणि तोच माणूस, तीच कंबर, तेच दुखणं घेऊन, ३४ च्या यादीत गेला. अडलेले पैसे मागाहून मिळाले. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ‘खोटा असेल’ हा संशय आम्ही माणसावर घेत नव्हतो, ज्याचा फोटो निघत नाही अशा दुखण्यावर घेत होतो. पण भोगायचं माणसालाच.

संशय घेऊच नये असं मी म्हणणार नाही. गणपती आणि शिमग्याला लोक गावाला जायचे, त्याच्या आधी आमच्याकडे सर्टिफिकेटं वाढायची, हे खरं आहे. सोमवारी सुरू होणारी, पोट बिघडल्याची, एकाच अक्षरातली. पॅनेलवरच्या एखाद्या डॉक्टरबद्दल सगळ्या शाखेला माहीत असायचं. खोटा दावा केला तर कायद्यात शिक्षाही आहे आणि घेतलेली रक्कम परत करावी लागते. तो पैसा बाकीच्या कामगारांचा असतो, म्हणून तपासणी हवीच. पण मी ज्यांची चौकशी केली त्यातल्या बहुतेकांना भरपगारी रजा नावाची गोष्ट माहीत नव्हती. ठेकेदाराकडचा माणूस बहिणीच्या लग्नालाही रजा मागू शकत नाही. मागितली तर दुसरा तयार असतो. त्याच्या हातात सुट्टीचा एकच कागद आहे, आणि तो डॉक्टरकडून मिळतो. लबाडी म्हणून शेरा मारताना मला हे दिसायचं, तरी शेरा मारावा लागायचा.

गावावरून आठवलं. भत्ता घेणाऱ्यावर कायद्याने काही बंधनं घातली आहेत. उपचार चालू ठेवायचे, बरं होण्यात अडथळा येईल असं काही करायचं नाही, बोलावलं की तपासणीला यायचं, आणि डॉक्टरच्या परवानगीशिवाय उपचाराचं क्षेत्र सोडून जायचं नाही. कागदावर ही चारही बंधनं रास्त वाटतात. चौथं बंधन मुंबईत रोजच्या रोज मोडलं जायचं. संगमेश्वर तालुक्यातला एक तरुण टायफॉइड झाला तेव्हा न विचारता रात्रीच्या गाडीने गावाला निघून गेला आणि महिन्याने सरकारी आरोग्य केंद्राचा कागद घेऊन आला. मी चिडून विचारलं, “परवानगी का नाही घेतलीत?”

“खोलीवर आम्ही आठ जण आहोत. सकाळी सातला सगळे कामावर जातात. तांब्याभर पाणी कोण देणार मला? गावाला आई आहे.”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला न कळलेली एक साधी गोष्ट तो समजावून सांगत होता. उपचाराचं क्षेत्र म्हणजे कायद्याने दवाखाना धरला आहे. त्याच्यासाठी ते क्षेत्र म्हणजे आई होती.

सुदैवाने नियमांत यालाही वाट आहे. परिस्थिती तशी असेल तर आमच्या डॉक्टरच्या सर्टिफिकेटऐवजी दुसरा पुरावा मान्य करता येतो, सरकारी दवाखान्याचा, नोंदणीकृत डॉक्टरचा. काही दिवसांपर्यंत मॅनेजरच्या अधिकारात, पुढे रीजनल ऑफिसकडे. मात्र त्यासाठी कुणीतरी बसून नोट लिहावी लागते. हा इसम परवानगीशिवाय गेला हे खरे, तथापि एकटा राहणारा असून शुश्रूषेस कोणी नव्हते, आरोग्य केंद्राच्या नोंदी सुसंगत आहेत, सबब दावा मान्य करावा. अर्ध्या पानाची नोट. लिहिली नाही तर कुणी विचारत नाही, दावा नियमाप्रमाणे नामंजूर होतो आणि फाइल बंद होते. अधिकाऱ्याच्या हातात निर्णय म्हणून जे काही असतं ते बहुतेक या अर्ध्या पानात असतं. आजारी कोण हे डॉक्टर सांगतो, दिवस किती भरले हे मालक कळवतो. आम्ही आमचं मन ओततो किंवा आखडतं घेतो ते फक्त इथे. मी त्या मुलाची नोट लिहिली. बाकी कितीजणांची लिहायची राहिली, त्याचा हिशोब माझ्याकडे नाही.

मालकाने वर्गणी बुडवली तर काय, तेही कायद्यात आहे. भरायला हवी होती अशी खात्री पटली तर महामंडळ कामगाराला भत्ता देऊ शकतं आणि मालकाकडून वसूल करू शकतं. कलम ६८. नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत मी त्या कलमाखाली एकही प्रस्ताव पाठवला नाही. कारण कामगार खिडकीत येऊन ‘कलम अडुसष्ट’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, मी तर रोज जात होतो.

तिनेही तेच म्हटलं होतं. मी दिवाळीपासून कामावर आहे.

सप्टेंबरच्या शेवटी ती परत आली. डोळे पांढरे झाले होते, ब्लाउज खांद्यावरून ओघळत होता. कडेवर तीनेक वर्षांचा मुलगा, खोकत असलेला. भत्त्याचं ती बोललीच नाही. तो विषय तिच्यापुरता मी ऑगस्टमध्ये संपवला होता. तिचं विचारणं वेगळंच होतं. पोराला दवाखान्यात दाखवलं तर चालेल ना, की तेही बंद झालं? आणि मग तिने कमरेची पिशवी सोडून प्लॅस्टिकच्या आवरणातले दोन कागद कट्ट्यावर ठेवले.

“यातलं कुठलं दाखवायचं असतं डॉक्टरांकडे?”

दोन्ही ईएसआयची ओळखपत्रं होती. दोन्हीवर तिचं नाव, नवऱ्याचं नाव, एकाच फोटोच्या दोन प्रती. एकाचा कोपरा मुलाने चावलेला. नंबर मात्र दोन वेगळे. एकावर जन्माचा महिना मार्च, दुसऱ्यावर मे.

“अगं, ही दोन कशी?”

“आधीच्या ठेकेदाराने एक दिलं होतं. जानेवारीत ठेकेदार बदलत होता म्हणून महिनाभर काम बंद. फेब्रुवारीत नवा आला. मी म्हटलं माझ्याकडे कार्ड आहे, तर सुपरवायझर म्हणाला जुनं कशाला, नवीन काढू.”

“कंपनी दुसरी?”

“नाही, तीच. तेच टेबल. तीच लेबलं लावतो आम्ही.”

हे मला माहीत नव्हतं असं नाही. ठेकेदार बदलला की माणसाला नवा नंबर काढून देतात, जुना विचारत नाहीत, हे आमच्या शाखेत सगळ्यांना ठाऊक होतं. नियमाने माणसाला आयुष्यभर एकच नंबर असायला हवा. दोन नंबर झाले की त्याचे दिवस दोन माणसांचे होतात आणि कुणाचेच पुरे पडत नाहीत. इतकं ठाऊक असूनही ऑगस्टमध्ये मला एक प्रश्न सुचला नव्हता. दिवाळीपासून कामावर असलेल्या बाईचे चव्वेचाळीसच दिवस कसे?

मी दुसरा नंबर टाकला. नोव्हेंबर-डिसेंबरचे एक्केचाळीस. समोरच्या कागदावर पेन्सिलने बेरीज मांडली, कारण तिलाही दिसावी असं वाटलं. एक्केचाळीस, खाली चव्वेचाळीस, रेघ, पंच्याऐंशी.

तिने बेरीज बघितली. “मग?”

“मग तू पात्र आहेस.”

“आता?”

“तेव्हाही होतीस.”

ती काही बोलली नाही. मुलाचं नाक पुसलं, त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. माझ्या मागून शिपाई चहा घेऊन आला होता, मी तिला बसायला सांगून तो चहा दिला. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

दोन नंबर एक करणं तेव्हा सोपं नव्हतं. तिचा अर्ज, दोन्ही ठेकेदारांची पत्रं, जन्ममहिन्याच्या फरकाबद्दल खुलासा, रीजनल ऑफिसची मंजुरी. पहिला ठेकेदार फोन उचलेना. मग मीच कंपनीत गेले, हजेरीपत्रकाची प्रत काढून आणली. कंपनीच्या पॅकिंगच्या हॉलमध्ये त्या दिवशी लांब टेबलाशी तीस-चाळीस बायका उभ्या होत्या, डोक्याला निळ्या टोप्या, समोर औषधांची खोकी. मी सहज चौघींना विचारलं. तिघींकडे दोन-दोन कार्डं होती. चौथीकडे तीन.

परत येऊन मी टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी ठेवली, ‘आधी कुठे होतात?’ आणि ७८ भरत नाहीत असं सांगण्याआधी हे विचारायचं, असं शाखेतल्या सगळ्यांना बजावलं. रांग लांबायला लागली. मागचे ओरडायचे. एका क्लार्कने माझ्याशी वाद घातला की हे शोधणं आपलं काम नाही, पुरावा आणायची जबाबदारी दावेदाराची. नियमाच्या पुस्तकात तो बरोबर होता. मी त्याला एवढंच म्हटलं, की मालकाने काय भरलं ते आपल्या स्क्रीनवर दिसतं, तिच्याकडे कुठे स्क्रीन आहे?

तिचे पैसे नोव्हेंबरच्या शेवटी जमा झाले. रोज तीनशे, त्याचे सत्तर टक्के दोनशे दहा, बावीस दिवसांचे चार हजार सहाशे वीस. मधल्या काळात तिने बचत गटातून तीन हजार काढले होते, शेकडा दोन रुपये महिना व्याजाने. तीन महिन्यांचे एकशे ऐंशी रुपये व्याज गेलं. ते कुठल्याच कलमात भरून देता येत नाही. मी देऊ केले तर तिने घेतले नाहीत. कामावर मात्र तिला परत घेतलं होतं. भत्ता किंवा आजारावरचे उपचार चालू असताना कामगाराला सहसा काढून टाकता येत नाही असं कायदा म्हणतो, पण तिच्या मदतीला कायदा आला नव्हता. तिची जागा टिकली ती तिची जाऊ त्याच टेबलाशी उभी असायची आणि रोज सुपरवायझरला सांगायची म्हणून.

पैसे आल्याचं दाखवायला ती मुद्दाम आली. शनिवारची अर्धी पाळी उरकून, निळी टोपी पदराला खोचलेली. पासबुक उघडून तिने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मनातल्या मनात हिशोब करून बघितला. मग विचारलं, “चोवीस दिवसांची सिक होती ना मॅडम? हे बावीसचेच आलेत.”

मी तिला सांगितलं की पहिले दोन दिवस धरत नाहीत, सगळ्यांनाच तसं आहे, पंधरा दिवसांच्या आत पुन्हा सिक लागली तरच ते दोन कापत नाहीत.

तिने पासबुक मिटून पिशवीत ठेवलं.

“पण त्या पहिल्या दोन दिवसांतच तर मला उठता येत नव्हतं,” ती म्हणाली.